सोडतीत नाव निघालं म्हणजे पूर्वजाचं गाव सापडलं, असं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्वजांच्या शोधावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. कुणबी नोंदींच्या निमित्तानं आपल्याकडं घरोघरी जुन्या कागदांची बोचकी सुटली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी येऊ लागली. अशा वेळी हा विषय घेतलात, बरं वाटलं. मात्र अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या जमीन-सोडतींबद्दल लेखात जे आलं आहे, त्यातली एक गोष्ट चुकीची आहे. सोडतीच्या यादीत पूर्वजाचं नाव सापडलं की त्याचं गाव सापडलं, असा लेखाचा सूर आहे. त्यावर विसंबणारा माणूस वर्षानुवर्षं भलत्याच ठिकाणी शोधत बसेल.

मी 34 वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. आता वर्षातले काही महिने मुलाकडं असतो, जॉर्जियातल्या फोर्सिथ काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). मुलानं घर घेतलं तेव्हा सवयीनं खरेदीखत वाचायला घेतलं, तर त्यात लँड लॉट, डिस्ट्रिक्ट, सेक्शन असे क्रमांक, अगदी आपल्या सर्व्हे नंबरसारखे. चौकशी केली तर कळलं की ही मोजणी 1832 च्या सोडतीसाठीची. घरं झाली, रस्ते झाले, तरी दस्तात लॉट नंबर तोच. तेव्हापासून या कागदांनी मला धरलं.

1805 ते 1833 या काळात जॉर्जियानं अशा आठ सोडती काढल्या. त्याआधी 1795 मध्ये आमदारांनी लाच खाऊन मोठा प्रदेश कंपन्यांना विकला होता, पुढच्याच वर्षी तो व्यवहार रद्द करावा लागला. म्हणून मग जमीन सर्वांसमोर चिठ्ठ्या काढून द्यायची ठरली. म्हाडाच्या सोडतीला अर्ज भरलेल्यांना ही पद्धत लगेच समजेल. प्रवर्ग ठरलेले असत. पहिल्या सोडतीत एकट्या पुरुषाला एक चिठ्ठी, बायको किंवा लहान मूल असलेल्याला दोन, आई-वडील दोन्ही नसलेल्या भावंडांना मिळून दोन. पुढं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांना जादा चिठ्ठ्या मिळाल्या. नवरा तीन वर्षं बेपत्ता असलेल्या बायकांचीही वेगळी नोंद झाली. हे सगळं गोऱ्यांपुरतं. कृष्णवर्णीयांना, मग ते गुलाम असोत की स्वतंत्र, चिठ्ठीच नव्हती.

वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीनं खरी किंमत जमिनीपेक्षा या प्रवर्गांना आहे. जॉर्जियाच्या 1790 आणि 1810 च्या जनगणनेचे कागद नष्ट झाले, 1800 च्या जनगणनेतली एकच काउंटी उरली. नंतरच्या जनगणनांतही 1850 पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी घरातली माणसं म्हणजे नुसते आकडे. सोडतीच्या यादीत मात्र विधवा स्वतःच्या नावानं येते. पोरक्या मुलांची नोंद मेलेल्या बापाच्या नावानं येते. 1805 च्या यादीत तर कोरी चिठ्ठी निघालेल्यांचीही नावं आहेत.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, वय ऐंशीच्या पुढं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की आमची माणसं मूळची उत्तरेकडच्या डोंगरातली, सोन्याच्या खाणीजवळची. पुरावा काय, तर 1832 च्या गोल्ड लॉटरीत, म्हणजे सोन्याच्या भागातल्या जमिनीच्या सोडतीत, पणजीच्या आजीला लागलेला 40 एकरांचा तुकडा, आता लम्पकिन काउंटीत असलेला. बाईंनी तिथल्या दफनभूमी तुडवल्या, चर्चची दप्तरं पाहिली. हाती काही नाही.

मी त्यांना म्हटलं, यादीतला दुसरा रकाना वाचा. लॉट नंबर सांगतो जमीन कुठं लागली. पण नावापुढं काउंटी आणि मिलिशियाच्या, म्हणजे स्थानिक नागरी सैन्याच्या, कॅप्टनचं नाव असतं, ते सांगतं अर्ज भरताना माणूस कुठं राहत होता. तो रकाना मध्य जॉर्जियातला निघाला, शंभरेक मैल दक्षिणेला. तिथल्या 1830 च्या जनगणनेत तिच्या नवऱ्याचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून आहे, आणि सोडतीत ती विधवा. म्हणजे तो मधल्या दोन वर्षांत गेला. थडगं नाही, मृत्यूची नोंद नाही, तरी दोन वर्षांच्या चिमटीत त्याचं मरण सापडलं. हे कळल्यावर बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

जमिनीचं काय झालं, हे लम्पकिनच्या दस्तांच्या वहीत मिळालं. तिनं ती विकून टाकली होती. सोडत जिंकलेल्यांतले कितीतरी जण लागलेल्या जमिनीकडं फिरकलेच नाहीत, कुणी न पाहताच विकली, कुणी शुल्कच भरलं नाही. दस्ताच्या शेवटी तिचं नाव आणि आडनाव कारकुनानं थोडं अंतर ठेवून लिहिलं आहे, मधे एक फुली, फुलीच्या वर ‘हर’ आणि खाली ‘मार्क’, म्हणजे ‘तिची निशाणी’. आपल्याकडं सही न येणाऱ्या शेतकऱ्यासाठी ‘निशाणी नांगर’ लिहीत, तशीच ही. मी नोकरीत असे शेकडो कागद हाताळले, पण ती फुली बघताना माझा हात थरथरला.

आता लेखात मुळीच न आलेली बाजू. सोडतीची ही जमीन मोकळी नव्हती. आधी क्रीक आणि मग चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांकडून ती काढून घेतली गेली. 1832 ची मोजणी झाली तेव्हा चेरोकी कुटुंबं तिथं शेती करत होती, राहत होती. 1838 मध्ये त्यांना सैन्य लावून हाकललं, वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले. भूकरमापक म्हणून मला हे फार लागतं. साखळी टाकत जाणाऱ्या माणसाला उभं पीक दिसल्याशिवाय राहत नाही. त्या नकाशांवर ओढे आहेत, लॉटच्या कोपऱ्यांवरची झाडं आहेत, ओक, पाइन, हिकरी. ज्यांची जमीन, त्या चेरोकींचं नाव बहुतेक ठिकाणी नाही.

पण त्यांचेही कागद आहेत. 1835 ची चेरोकी जनगणना आहे. 1835-36 च्या सुमाराला सरकारी माणसांनी केलेले पंचनामे आहेत, घरटी किती खोल्या, किती एकर कसलेली जमीन, पीचची झाडं किती, असे. ते बऱ्याचदा ओढ्या-नद्यांच्या नावांनी लावलेले असतात. बाईंच्या लॉटच्या नकाशावर ओढ्याचं नाव स्पष्ट वाचता येतं. तिथं आधी कोण राहत होतं, हा विषय मी काढण्याआधी त्यांनीच विचारलं. पुढच्या महिन्यात मायक्रोफिल्म बघायला आम्ही दोघं जाणार आहोत.

लेखमालेच्या पुढच्या भागात काउंटीच्या रकान्याबद्दलची दुरुस्ती आणि चेरोकी कागदपत्रांचा उल्लेख अवश्य यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, सातारा
(सध्या मुक्काम जॉर्जिया, अमेरिका)