काका, हँडल आता मधे अडकत नाही

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार,

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "ते राहू दे, चेनला तेल दिलंस का?" म्हणून विषय तोडता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. सूनबाई मोठ्याने वाचून दाखवतील, म्हणजे अर्ध्यातून उठून जाता येणार नाही.

गोडोलीतला फ्लॅट बंद करून तुम्ही सांगलीला विश्रामबागेत गेलात, त्याला आठ महिने होत आले. पार्किंगमधली तुमची प्लास्टिकची खुर्ची अजून तिथेच आहे. वॉचमनने ती आपली केलीय, पण मी खाली पाने-पकड घेऊन बसलो की तो आपणहून उठतो. तुमच्या जागी बसून बघायचं त्याला बरं वाटत नसावं.

माझी मोटारसायकल, रॉयल एनफिल्डची हिमालयन, तुम्हाला पहिल्यापासून फारशी आवडली नव्हती. "पुढचं चाक एकवीस इंची, मागचं सतरा. गाडी हाय का उंट?" हे तुमचं पहिलं वाक्य. आयुष्य महाराष्ट्र स्कूटर्समध्ये फिटर म्हणून गेलेल्या माणसाला ४११ सीसीची, १५ लिटरच्या टाकीची, घोटाभर चिखलात घालायची गाडी उंटच वाटणार. त्या कंपनीचं नाव मी तुमच्यामुळे नीट ऐकलं. १९७५ साली उभी राहिलेली, आपल्याच साताऱ्यात प्रिया स्कूटर बनवणारी. त्याआधी माझ्या लेखी सातारा म्हणजे कंदी पेढे आणि कासची फुलं. आपल्या गावात माणसं रोज सकाळी डबा घेऊन स्कूटरी जोडायला जात होती, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

पण आभार त्या जुलैतल्या रविवारचे मानायचेत. बामणोलीहून भिजत आलो होतो आणि खाली गाडी धुत होतो. त्याआधी दोन महिने हँडल विचित्र वागत होतं. सरळ रस्त्याला गाडी एका रेषेत चालायची नाही, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, नुकतंच पोहायला शिकलेल्या पोरासारखी. यवतेश्वरच्या घाटात सावकाश वळणावर तर ती आधी अडायची आणि मग एकदम पडायला बघायची. शहरातल्या एका वर्कशॉपला दोनदा दाखवली. पहिल्यांदा हवा तपासून "नॉर्मल आहे" म्हणाले, दुसऱ्यांदा चाक बॅलन्स करून पैसे घेतले. तुम्ही खुर्चीतून न उठता विचारलंत, "मेन स्टँडला लाव. मागं कुणाला तरी बसव. आता एका बोटानं हँडल फिरव."

फिरवलं. बरोबर मधे आलं की खट्. खाचेत बसल्यासारखं.

"कोनसेट गेला," तुम्ही म्हणालात. म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते गळ्यातलं बेअरिंग. आणि मग माझ्या हातातल्या पाण्याच्या नळीकडे बघून, "गळ्यावर असं प्रेशरनं पाणी मारतोस व्हय दर आठवड्याला? ग्रीस राहील का आत?"

चूक माझीच होती. गाडी चकाचक ठेवायच्या नादात मीच तिचा गळा कोरडा केला होता.

मला वाटलं, आता तुम्ही करून द्याल. तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात. चार दिवस चाललेल्या त्या कामात तुम्ही गाडीला बोट लावलं नाहीत, आणि मला त्याचा राग येत होता. आज सांगायला हरकत नाही.

काय काय केलं ते लिहितो, कारण हिमालयनवाले मित्र विचारत असतात. आधी पुठ्ठ्यावर गाडीचं तोंड काढायला लावलंत, आणि जो बोल्ट जिथून निघेल तो चित्रात त्याच जागी भोक पाडून खोचायचा. माझ्याकडे फोनमध्ये फोटो होते, पण तेलकट हाताने फोन उघडत नाही हे तुम्हाला आधीच माहीत होतं. इंजिनखालच्या पत्र्याखाली लाकडी ठोकळा, त्याखाली शेजाऱ्यांच्या मोटारीचा जॅक. पुढचं चाक, शॉकअप, मग टी, म्हणजे शॉकअप धरून गळ्यात फिरणारा दांडा, खाली ओढून काढली. जुन्या रेसवरून, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या ज्यावर फिरतात त्या कड्यांवरून, नख फिरवायला लावलंत तेव्हा बारीक खड्डे लागले, एका ओळीत, मोजता येतील असे. गाडी सरळ चालते तेव्हा गोळ्या जिथे बसतात, नेमके तिथेच.

जुन्या रेस सुंभ्याने, म्हणजे जाड पंचने, ठोकून काढायला मला अख्खी संध्याकाळ लागली. "वरनं एक, खालनं एक, डावीकडनं, उजवीकडनं. एकाच बाजूनं मारलंस तर तिरकी हुईल आणि मग रडशील." झालीही तिरकी एकदा. रडलो नाही, शिव्या दिल्या. तुम्ही तेवढ्यापुरते जिन्याकडे बघत होतात.

नव्या रेस रात्रभर आईच्या फ्रीजरमध्ये होत्या, मटारच्या पिशवीखाली. आई म्हणाली, "उद्या टायर मुरवायला ठेवशील." तुम्ही मात्र तिला गंभीरपणे समजावलंत की ५० मिलिमीटरची पोलादी रेस ४५ अंशांनी गार झाली की २५ मायक्रॉनच्या आसपास आखडते, आणि बसवायला तेवढं पुरतं. आईला मायक्रॉन कळला नाही, पण त्या दिवसापासून ती तुमच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवू लागली. तेवढीच तुमची मजुरी. पाकीट देऊन बघितलं होतं मी, तुम्ही ते वॉचमनच्या पोरीच्या वह्यांना दिलंत.

सकाळी रेस बसवताना जुनीच रेस वर उलटी ठेवून ठोकायची. आवाज आधी ठप ठप येतो. तळाला टेकली की एकदम टण्. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. "बसली," म्हणालात, आणि मलाही त्याच क्षणी कळलं होतं. यूट्यूबवर तो आवाज मी पन्नास वेळा ऐकला असेन, पण त्यात हाताला येणारा धक्का नसतो.

मग नट आवळणं. आवळा, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवा, सैल करा, पुन्हा आवळा. चाक हलकं ढकललं की स्वतःच्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे, आणि शॉकअप धरून मागेपुढे ओढलं तर टकटक व्हायला नको. या दोन्हींच्या मधली जागा सापडायला एक तास.

शेवटी नेलपॉलिश. बहिणीची लाल बाटली आणायला लावलीत. जो बोल्ट पूर्ण आवळला त्याच्या डोक्यावरून पत्र्यावर एक रेघ मारायची. पुढे कधी बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. सगळं झालं, मी किल्ली घेऊन आलो, हेल्मेट घातलं. तुम्ही विचारलंत, "रेघा किती?" मी म्हणालो, सगळ्या. "पुन्हा मोज."

मला खरंच कंटाळा आला होता. उन्हात, जॅकेटमध्ये, वाकून मोजायला बसलो. पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरचा खालचा बोल्ट. रेघ नाही. बोटाने फिरवला तर फिरला.

त्या दिवशी मी पसरणी घाट उतरायला निघालो होतो.

तुम्हाला तो बोल्ट आधीच दिसला होता, हे मला नंतर कळलं. तुम्ही सांगून टाकलं असतंत तर मी "हो की!" म्हणून आवळला असता आणि विसरलो असतो. आता मी घराबाहेर पडायच्या आधी रेघा मोजतो आणि ब्रेकचा लिव्हर चार वेळा दाबतो. बायको म्हणते, देवपूजेला इतका वेळ देत नाहीस.

बाकी कामं मग सोपी वाटली. जादा दिव्यांचं कनेक्शन मी हेडलाइटच्या वायरला चिमटा मारून घेतलं होतं आणि आवरण मऊ झालं होतं, ते तुम्ही हुंगूनच ओळखलंत. साठ वॅट म्हणजे १२ व्होल्टला पाच अँपिअर, तेव्हा बॅटरीवरून स्वतंत्र वायर, फ्यूज आणि रिले. कासच्या चिखलात साइड स्टँड रुतायचा, म्हणून त्याला पत्र्याचा रुंद पाय लावला. तोही आधी पुठ्ठ्याचा कापून. स्टँड उतरवून एकटाच एमआयडीसीत वेल्डिंगला नेला, गाडी नाही, कारण एफआयच्या (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीवर थेट वेल्डिंग मारलं तर ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, काय होईल सांगता येत नाही. सायलेन्सर बदलायचं मात्र तुम्ही ऐकूनही घेतलं नाहीत. "गाव झोपलेलं असतं रं," एवढंच. ते एक मला अजून थोडं खटकतं, पण मूळ सायलेन्सर तसाच आहे.

येत्या रविवारी येतोय. कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा करत दहापर्यंत पोहोचेन. पेढे आणतोय, तुमच्यासाठी नाही, घरच्यांसाठी. गाडी दारात मेन स्टँडला लावतो, मागे नातवाला बसवा. आणि एका बोटाने हँडल फिरवून बघा.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा उंटवाला