पिल्लं पोटात असताना पिंजरा कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

डुकरांच्या फार्ममधल्या पिंजऱ्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, अहो आई अंगाखाली पिल्लं चिरडते म्हणून तिला अडकवावं लागतं. यात एक मोठी गडबड आहे म्हणून लिहितोय.

पिंजरे दोन प्रकारचे असतात. एक व्यायच्या वेळचा, मग पिल्लं पितात ते तीन-चार आठवडे. तिथे चिरडायची भीती खरीच आहे, एवढं मोठं धूड आणि पिल्लू जेमतेम दीड किलोचं, ती धपकन बसली की संपलं. पण दुसरा पिंजरा गाभणपणातला, साधारण २ फूट रुंद आणि ७ फूट लांब, डुकरीण गाभण राहते जवळपास ११४ दिवस, आणि तेव्हा पिल्लं पोटातच आहेत ना, मग चिरडणार कोणाला? तिथलं खरं कारण म्हणजे कमी जागेत जास्त जनावरं मावतात, खाणं मोजून देता येतं आणि मारामाऱ्या होत नाहीत. मारामाऱ्या होतात हे मान्य, अनोळखी डुकरिणी एकत्र सोडल्या की चावतात, पण पुरेशी जागा, पेंढा आणि खायची वेगवेगळी सोय असेल तर ते बरंच आटोक्यात येतं, फक्त माणूस लक्ष देणारा लागतो.

या पिंजऱ्यात तिला उठता-बसता येतं पण वळता येत नाही. मग ती गज चावत बसते, तोंडात काही नसताना चघळत राहते. आणि आपण डुकराला घाणेरडं म्हणतो, खरं तर जागा असली तर ते झोपायची जागा सोडून लांब घाण करतं, इथे बिचारीला लांब जायला जागाच नाही.

ब्रिटनने हे पिंजरे १९९९ मध्ये बंद केले. युरोपियन युनियनमध्ये २०१३ पासून बंदी आहे, पण गाभणपणाचे पहिले चार आठवडे चालतात, मला तरी ही पळवाटच वाटते. कॅलिफोर्नियात २०१८ च्या मतदानात लोकांनीच प्रत्येक डुकरिणीला २४ चौरस फूट ठरवले (वरच्या पिंजऱ्याचे १४ होतात), उद्योगवाले सुप्रीम कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये हरले.

तर विनंती एवढीच की यावर पुढची बातमी छापाल तेव्हा कोणता पिंजरा ते नक्की लिहा.

आपला एक वाचक