टोल्युइनचं भांडण

प्रिय विन्या,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही, चूक माझीच. तब्येत बरी, शुगर आटोक्यात. गुरुवारी लॅबमध्ये जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आमच्या अ‍ॅक्रिलिक रेझिनच्या बॅचमध्ये निम्मं टोल्युइन असतं, द्रावक म्हणून. ते उडवून परत मिळवायला वाफ खर्च होते, म्हणून वरून फर्मान आलं: टोल्युइन 20 टक्क्यांवर आणा. मी एक लिटरच्या फ्लास्कमध्ये करून पाहिलं. एमएमए हा मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा मणी, साखळ्या सुरू करून द्यायला एआयबीएन, आणि 70 अंश. तासभर सगळं शांत. मग रस काकवीसारखा दाटला, स्टररचा आवाज घोगरा झाला आणि थर्मामीटर बघता बघता शंभरीपार. खालचं गरम पाणी काढलं तरी पारा चढतच होता. शेवटी स्टरर जाम. गार झाल्यावर बघतो तर आत बुडबुड्यांनी भरलेला ठोकळा, मधोमध पातं रुतलेलं.

मेसमध्ये तू द्यायचास ते लोकलचं उदाहरण आठवलं. खच्चून गर्दीत दोन धिप्पाड माणसं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, चणेवालं पोरगं मात्र सगळीकडे पोचतं! तसंच झालं. लांब साखळ्या एकमेकींना भेटून संपेनात, मोनोमर मात्र येतच राहिला. रस दाटला आणि वेग वाढला. टोल्युइन साखळ्यांना हलायला जागा देत होतं, मोनोमरही विरळ ठेवत होतं. आणि मी हॉस्टेलवर तुझ्याशी भांडायचो की द्रावक नुसता जागा अडवतो! स्टायरीनची सोडियमवाली साखळी डायॉक्झेन या द्रावकात रेंगाळते नि टीएचएफ या दुसऱ्या द्रावकात सुसाट सुटते, हे तू दाखवलंस तरी मी आठवडाभर बोललो नव्हतो. तू जिंकलास रे.

साहेब म्हणतात, प्लांटचा स्टरर दणकट आहे. अरे, स्टरर रस ढवळेल, साखळ्यांची टोकं थोडीच एकमेकींना भेटवेल? किलोभर एमएमएमागे साधारण 560 किलोज्यूल उष्णता. फ्लास्कची ती काचेतून तरी जाते, 2,000 लिटरच्या रिअ‍ॅक्टरमधून इतक्या झटपट कुठून जाणार? आणि मॅनहोलपाशी रात्रपाळीला शिंदेमामा उभे असतात. दोन रात्री हेच डोळ्यांसमोर येतंय. सोमवारी कागदावर माझी सही हवी आहे. मी करणार नाही, पण नकाराचं टिपण आकड्यांनिशी द्यायचंय. तुझ्या वहीत टक्केवारीनुसार वेगाचे आलेख होते ना? फोटो काढून पाठव, रविवारपर्यंत.

काकूंचा गुडघा कसा आहे? चिनूचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या