उतार मोजूनच घाला

मा. संपादक,
दिव्यांग कामगार घेतो म्हणायचे आणि दाराशी फळी टाकून मोकळे व्हायचे, हे सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यांनी टाळावे. उतार 1:12 पेक्षा तीव्र नको. म्हणजे दीड फूट जोत्याला 18 फूट लांबी. तो सहा फुटांत कोंबला की चाकाची खुर्ची मागे उलटू शकते. वळणावर सपाट जागा हवी, दाराची रुंदी 90 सेंटिमीटर. मागांच्या खडखडाटात भोंगा तसाही कुणाला ऐकू येतो? कर्णबधिरांसाठी लुकलुकता दिवा लावावा.

20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने दिव्यांगांसाठीचे समान संधी धोरण शक्यतो संकेतस्थळावर, नाहीतर आवारात ठळक जागी लावायचे असते. सोलापुरात ते मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूतही लावा.

– एक वाचक, सोलापूर