प्रबंधाला खरा डेटा द्या : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षणमंत्री,

सादर नमस्कार.

डेटा सायन्सच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी मार्गदर्शन करणारी मी एक शिक्षिका आहे. दर वर्षी शेवटच्या सत्रात प्रबंधांची चळत टेबलावर येते आणि चार पानं उलटली की जुनेच चेहरे भेटायला लागतात. सरावासाठी सगळ्यांना तयार मिळणारे तेच तक्ते : टायटॅनिक जहाजाचे तेच ८९१ प्रवासी. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ साली वापरलेली आयरिसची तीच १५० फुलं. मुलं हुशार आहेत, कष्टही करतात. पण टायटॅनिकच्या तक्त्यात ज्या १७७ प्रवाशांचं वय नोंदलेलं नाही, ते कसं भरून काढायचं हे असंख्य जणांनी आधीच लिहून ठेवलं आहे. नाव स्वतंत्र संशोधनाचं आणि हातात मात्र पुन्हा पुन्हा उसवून शिवलेलं कापड, हे मला पटत नाही.

मुलांना मी दोष देणार नाही. विषय मंजूर झाला की जेमतेम एक सत्र उरतं. माझ्या एका विद्यार्थिनीने धाडस केलं. काही रुग्णांना घरी सोडल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा का दाखल करावं लागतं, हा तिचा विषय. अर्ज, फोन, हेलपाटे यात अर्धं सत्र गेलं आणि शेवटी मिळाली स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ. ती सगळी पानं तिने स्वतः टाइप केली. वयाच्या कॉलममध्ये मधूनच ९९९ लिहिलेलं. म्हणजे वय माहीत नाही, की लिहिणाऱ्याची चूक? सांगायला कोणी नव्हतं, कारण कोणत्या कॉलमचा अर्थ काय हे कुणी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं.

कोणता रुग्ण पुन्हा दाखल होईल याचा अंदाज जुन्या नोंदींवरून शिकून बांधणाऱ्या तिच्या पहिल्याच मॉडेलची अॅक्युरसी, म्हणजे बरोबर आलेल्या अंदाजांची टक्केवारी, ९७ टक्के आली. तिला आनंद झाला नाही, शंका आली. चार दिवस ती एकेक नोंद तपासत बसली. मग सापडलं : ज्या नोंदींवर मॉडेल शिकलं आणि ज्यांच्यावर त्याची परीक्षा घेतली, त्या दोन्ही गठ्ठ्यांत तेच रुग्ण होते. पेपर आधीच फुटलेला होता! एका रुग्णाच्या सगळ्या नोंदी एकाच गठ्ठ्यात राहतील अशी वाटणी केल्यावर आकडा ७१ वर उतरला. प्रबंधात तिने ७१च छापला. मी दोन सत्रं फळ्यापाशी उभी राहून जे शिकवू शकले नव्हते, ते ती त्या चार दिवसांत शिकली. आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तिला पहिला प्रश्न काय आला? "अॅक्युरसी इतकी कमी कशी?" गुण देताना असा प्रामाणिकपणा मोजला जावा, एवढी सूचना विद्यापीठांना गेली तरी खूप झालं. पण माझं खरं मागणं डेटाचं आहे.

विद्यार्थ्याच्या हाती खरी फाइल पडली की काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याला सांगते. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांत अर्थव्यवस्थेच्या वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्के होतो, असं २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी मांडलं. काटकसरीच्या धोरणांचं समर्थन करताना अनेक राजकारण्यांनी त्याचा दाखला दिला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातल्या स्वाध्यायासाठी तेच गणित पुन्हा करत होता. ते जुळेना. त्याने मूळ लेखकांकडे एक्सेलची फाइल मागितली. त्यांनी ती दिली, हे त्यांच्या श्रेयाचं. सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. काही वर्षं वगळलेली होती आणि सरासरी काढायची रीतही त्याला खटकली. त्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये मांडलेला दुरुस्त आकडा होता अधिक २.२ टक्के.

खासगीपणाचं काय, असं आपले अधिकारी विचारतील. विचारायलाच हवं. लटान्या स्वीनी यांनी एमआयटीत विद्यार्थिनी असताना, नावं काढून टाकलेल्या आरोग्यनोंदी आणि मतदारयादी शेजारी शेजारी ठेवल्या. जन्मतारीख, लिंग आणि टपाल क्रमांक यांच्या आधारे त्यांनी थेट मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची नोंद ओळखून दाखवली होती. म्हणून नाजूक नोंदी बाहेर देऊ नका. खात्याच्याच एका खोलीत, खात्याच्याच संगणकावर मुलांना काम करू द्या आणि बाहेर नेण्याआधी निष्कर्ष तपासा. मात्र ही भीती पुढे करून सगळीच कपाटं बंद ठेवू नका.

सुरुवात आपल्याच खात्यापासून करा. प्रवेश, निकाल, गळती, शिष्यवृत्ती यांचे तक्ते पीडीएफमध्ये नकोत, संगणकाला वाचता येतील असे द्या. सोबत प्रत्येक कॉलमचा अर्थ लिहिलेला कागद द्या. शंका विचारायला एक अधिकारी नेमा आणि अर्जाला किती दिवसांत उत्तर मिळेल ते ठरवून टाका.

नव्या तुकडीतली एक मुलगी गेल्या आठवड्यात विषय घेऊन आली. शिष्यवृत्ती उशिरा जमा झाली की मुलं शिक्षण सोडतात का, हे तिला तपासायचं आहे. त्यासाठी लागणारे दोन्ही तक्ते आपल्याच खात्यात आहेत. ते तिला कधी मिळतील, एवढं कळवावं.

आपली,
एक प्रबंध मार्गदर्शक