या पावसाळ्यात मी घरी नसेन

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

पत्र आलं म्हणून दचकू नका, मी ठणठणीत आहे. फोनवर हे बोलायला घेतलं की आई "बरं, बरं" करते, बाबा फोन तिच्या हातात देऊन उठतात आणि मग मला पुढे बोलवत नाही. म्हणून लिहितेय. दोघं शेजारी बसून वाचा. एकाने वाचून दुसऱ्याला सारांश सांगायचा नाही.

या वर्षी जून-जुलैत मी पुण्याला येत नाहीये. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मिडलबरी कॉलेजची उन्हाळी रशियन शाळा भरते. तिथे मधल्या पायरीच्या मुलांना शिकवायचं मी कबूल केलंय, जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. सही करून कागद पाठवले आहेत. डिसेंबरात मात्र नक्की येतेय. परतीचं तिकीट जानेवारीच्या शेवटाचं आहे, म्हणजे दर वेळेपेक्षा जास्तच राहीन.

आधी गुडघ्याचं बोलते, कारण आईच्या मनात पहिलं तेच येणार. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की बाबांची तीन महिन्यांची साखर खाली आल्याशिवाय ते गुडघा बदलणार नाहीत. ती खाली यायला वेळ लागणारच. शिवाय भर पावसात ऑपरेशन करून घरी आलात तर आपल्या जिन्यावर ओल, बाहेर चिखल, आणि फिजिओथेरपीसाठी रिक्षा मिळायची मारामार. डिसेंबरात हवा कोरडी असते, आणि मी पूर्ण वेळ घरात असेन. दादाशीही बोलून घेतलंय. त्याचं-माझं मागच्या वेळी जे झालं ते मी केव्हाच सोडून दिलंय, तुम्हीही मनात ठेवू नका. तो दर पंधरा दिवसांनी नाशिकहून येईल, आणि खरंच येईल.

कारणं सगळी खरी आहेत, तरी आई तुला वाईट वाटणारच. मलाही वाटतंय. पालखी पुण्यात येते त्या दिवशी मी तुझ्याबरोबर वारकऱ्यांना केळी वाटायला नसेन, आणि पहिल्या पावसातली भजी तू माझ्यावाचून करणार नाहीस हेही मला ठाऊक आहे. यंदा करायची. बाबांना दोनच द्यायची.

मग हे काम घेतलंच का, ते सांगते. मिडलबरीला उन्हाळी भाषाशाळांची जुनी परंपरा आहे. जर्मन शाळा १९१५ साली सुरू झाली, रशियन १९४५ साली, दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी. तिथला नियम असा की सुरुवातीलाच प्रत्येक विद्यार्थी लिहून देतो, सत्र संपेपर्यंत मी फक्त शिकतोय तीच भाषा बोलेन. वर्गात, जेवणाच्या टेबलावर, मैदानावर, वसतिगृहाच्या जिन्यात, सगळीकडे. आम्हा शिकवणाऱ्यांनाही त्यांच्याशी रशियनच बोलायचं. एरवी विद्यापीठात आठवड्याला चार-पाच तास रशियन शिकून मूल इंग्रजीत घरी जातं. इथे उठल्यापासून झोपेपर्यंत रशियन, आणि वर्षभराचा अभ्यास एका उन्हाळ्यात.

याची गरज आता जास्त आहे. आमच्या वेळी पहिल्या दोन वर्षांनंतर विद्यार्थी मॉस्कोला, सेंट पीटर्सबर्गला जात, कुणाच्या तरी घरी राहत आणि महिनाभरात बोलू लागत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि अमेरिकन विद्यापीठांनी आपली मुलं तिकडे पाठवणं जवळजवळ थांबवलं. आता ज्यांना जमतं ती अल्माटीला, बिश्केकला, तिबिलिसीला जातात. बाकीच्यांसाठी अशा उन्हाळी शाळाच उरल्या. नाना गणपतीत विचारत होते ना, युद्धानंतर आता कोण शिकतंय रशियन? बाबा, त्यांना सांगा, इतिहासात पीएचडी करणारे शिकतात, सैन्यात जाणारे शिकतात, युक्रेनमधून आलेल्या रशियन बोलणाऱ्या कुटुंबांना मदत करायची आहे असे शिकतात. आणि काही जण फक्त आजीशी बोलता यावं म्हणून शिकतात. आजी रशियनशिवाय दुसरं काही बोलत नाही, नातवाला तिचं निम्मंच कळतं. अशा मुलाला शिकवताना मला जे वाटतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि ही मधली पायरी मला मनापासून आवडते. बाबा, टिळक तलावावर तुम्ही मला पोहायला शिकवलंत. पाठीला डबा बांधलेला असायचा तोवर मी खुशाल हातपाय मारायची, आणि ज्या दिवशी तुम्ही डबा सोडलात त्या दिवशी कठड्याला चिकटून रडले होते. माझ्या या विद्यार्थ्यांचा डबा नुकताच सुटलेला असतो. अक्षरं येतात, नाव-गाव सांगता येतं, पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरलेला असतो, आणि समोर एकदम खोल पाणी. पाठ्यपुस्तकातली गोष्ट कळते, पण तिकीट खिडकीवरच्या बाईचं एक वाक्य कळत नाही. रशियन सोडून देणारे बहुतेक जण इथेच सोडतात. तुम्ही तेव्हा ओरडला नाहीत, नुसते हातभर अंतरावर उभे राहिलात. मला इथे तेच करायचंय.

या वर्गात सगळ्यात घाम काढतात ती जाण्या-येण्याची क्रियापदं. पायी जायचं तर एक क्रियापद, वाहनाने जायचं तर दुसरं. आत्ता वाटेवर आहे त्याला एक, रोज जाऊन येतो त्याला निराळं. वर उपसर्ग लागले की निघणं, पोचणं, रस्ता ओलांडणं, जाता जाता कुणाकडे डोकावणं, प्रत्येकाचं रूप वेगळं. तक्ते पाठ करून ते अंगात मुरत नाही. म्हणून मी फळ्यावर आपल्या भागाचा नकाशा काढते. बाबा रोज पहाटे चालत पर्वतीला जातात, १०३ पायऱ्या चढतात, उतरताना वाटेत नानांकडे डोकावतात. आई रिक्षाने मंडईत जाते, येताना भाजीच्या पिशव्या घेऊन बसने येते. मुलं तुमच्या मागे मागे फळ्यावर हिंडतात आणि त्यांच्या तोंडी नेमकं क्रियापद यायला लागतं. बाबा, माझ्या वर्गात तुम्ही अजून रोज पर्वती चढता. ते वाक्य मी बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. डिसेंबरातल्या ऑपरेशननंतर तुम्ही निदान पायथ्यापर्यंत जायला लागावं एवढीच माझी इच्छा आहे, वरचं वर बघू.

आणखी एक तुम्हाला आवडेल असं. रशियन रिवाजात शिक्षकाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नावापुढे वडिलांच्या नावावरून केलेलं नाव लावतात. त्यामुळे मुलं मला "मेधा श्रीकांतोव्ना" म्हणतात. व्हरमाँटच्या डोंगरात दिवसभर तुमचं नाव घेतलं जाणार आहे, बाबा.

आईचं श्रेयही काही कमी नाही. तू माझ्या वेण्या घालताना विभक्ती म्हणून घ्यायचीस, स-ला-ते, स-ला-ना-ते, आणि चुकलं की शेपटा जरा ओढायचीस. त्याचा इथे केवढा उपयोग झालाय! अमेरिकन मुलांना वाक्यातल्या कामाप्रमाणे नाम आपलं रूप का बदलतं हेच आधी उमगत नाही. आपल्याला ते जन्मापासून ठाऊक असतं. तीन लिंगंही आपल्यासारखीच. मोजायला गेलं की मात्र माझीही परीक्षा असते. दोन, तीन, चार या संख्यांपुढे नामाला षष्ठीचं एकवचन, पाचपासून षष्ठीचं अनेकवचन, आणि २१ आलं की परत प्रथमेचं एकवचन. यावर मी जेवणाच्या टेबलावर सराव घेणार आहे. दोन बटाटे, पाच बटाटे, एकवीस बटाटे. भाजी संपेपर्यंत सुटका नाही. तू आम्हाला जेवताना पाढे म्हणायला लावायचीस, तीच पद्धत.

आणि शुक्रवारच्या वाचनात जुन्नर येणार आहे! अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि चालत चालत तुझ्या माहेरी पोचला. त्याने पावसाळा जुन्नरला काढला, चिखलाबद्दल लिहून ठेवलं, आपला गोरा रंग बघायला लोक मागे लागतात याचंही त्याला नवल वाटलं. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच देईन म्हणाला. शेवटी एका खुरासाणी माणसाने मध्यस्थी केली तेव्हा घोडा मिळाला. मूळ भाषा जुनी आहे, मी सोपी करून देणार आहे. बाबा, रेवदंड्याला त्याच्या स्मारकापुढे तुम्ही काढलेला आमचा फोटो स्कॅन करून पाठवाल का? दादाने ओठ फुगवलेत तो. वर्गात दाखवायचाय.

हे सगळं कुठून सुरू झालं ते तुम्हा दोघांना चांगलं ठाऊक आहे. लोकवाङ्मयच्या पुस्तक प्रदर्शनातून आणलेली, मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनाची ती मराठी पुस्तकं तुम्ही माळ्यावर जपून ठेवली नसतीत, अकरावीच्या सुट्टीत सगळे क्लास लावत असताना मला रानडे इन्स्टिट्यूटच्या रशियनच्या वर्गाला स्कूटरवरून सोडलं नसतंत, तर मी आज इथे नसते. आई, तेव्हा तू शेजारपाजाऱ्यांना काय काय उत्तरं दिलीस ते मला मावशीने नंतर सांगितलं.

आता माझी काळजी. मी रशियात जात नाहीये, हे आधी सगळ्यांना सांगून टाका. मिडलबरी लहानसं गाव आहे, पूर्वेला ग्रीन माउंटन्स, पश्चिमेला शॅम्प्लेन सरोवर, गावातून ऑटर क्रीक नावाची नदी वाहते. उन्हाळ्यात तिथे बर्फ नसतो, त्यामुळे स्वेटर पाठवू नकोस. राहायला कॉलेजातच खोली आहे, स्वतंत्र. जेवण भोजनगृहात, शाकाहारी मिळतं. तरी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि तुझा गोडा मसाला माझ्याजवळ आहे, भाताचा छोटा कुकरही नेतेय. गवतात फिरल्यावर गोचिडी बघायच्या असतात तिकडे. बघेन, पायमोजे घालून फिरेन.

फोनचं असं ठरवू. तिथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तुमचे सकाळचे सात. बाबांचा चहा, आईची पूजा व्हायच्या आधीची वेळ. तेव्हा खोलीचं दार लावून मी रोज फोन करीन आणि पोटभर मराठी बोलेन. दिवसा मुलांसमोर मला दुसरी भाषा बोलता येणार नाही, म्हणून दुपारी फोन उचलला नाही तर घाबरायचं नाही. तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा वाजवा, मी वर्गातून उठून बाहेर येईन. तशी परवानगी आधीच मागून ठेवलीये.

या कामाचे पैसे गुडघ्याच्या खात्यात जाणार आहेत. मेडिक्लेममधून जे मिळेल ते मिळेल, वरचं मी भरणार. बाबा, यावर चर्चा नाही. तुम्ही माझ्या फीसाठी काय विकलंत ते मला कळत नव्हतं एवढी काही मी लहान नव्हते.

आता नीट ऐका दोघंही. बाबांनी सकाळी रिकाम्या पोटी साखर बघून वहीत लिहायची, अंदाजे आकडा लिहायचा नाही. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम पलंगावर पडून करायचे, टीव्ही बघत नाही. काठी घ्यायची. सोसायटीत कोण काय म्हणेल याचा विचार करायचा नाही, वर्माकाकाही घेतात. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. डबे, पितळेची भांडी, गणपतीचं मखर, सगळं दादा काढून देईल. स्वयंपाकाच्या ताईंना मी जूनपासून संध्याकाळीही यायला सांगितलंय, पैसे माझ्याकडून जातील. त्यांच्या पोळ्या तुझ्यासारख्या होत नाहीत हे मान्य, तरी त्यांना परत पाठवू नकोस. तुझ्या मनगटाला विसावा हवाय. न्हाणीघरात पकडायला दांडा बसवायला माणूस शनिवारी येईल, त्याला "कशाला" म्हणायचं नाही. आणि रात्री छातीत, दंडात काही वेगळं वाटलं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. आधी रुग्णवाहिकेला १०८ वर फोन, मग दादाला, मग मला, कितीही वाजलेले असोत.

रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण फोनवर रागवा. गप्प बसू नका. आई, तू गप्प बसलीस की मला दिवसभर काही सुचत नाही, अजूनही.

बाबांची पुढची रक्ततपासणी या महिन्याच्या वीस तारखेच्या आत करून घ्या. आठ तास पोट रिकामं हवं, पाणी चालतं, गोळ्यांचं लॅबवाल्यांना आधी विचारा. रिपोर्ट आला की दोन्ही पानांचा फोटो पाठवा, नुसतं "बरं आहे" नको.

दोघांना साष्टांग नमस्कार.

तुमची,
मेधा