बंदूक नुसतीच 'खट्' वाजली, तर आधी नळीत पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बंदुकीची नळी फुटून माणूस जखमी झाल्याची बातमी अधूनमधून वाचनात येते. बातमी दोन-तीन ओळींची असते आणि कारण म्हणून 'बंदूक जुनी होती' किंवा 'काडतूस सदोष होते' एवढेच सांगितलेले असते. कधी ते खरेही असेल. पण शॉटगनची, म्हणजे छर्‍यांच्या बंदुकीची, नळी फुटण्याचे एक कारण असे आहे की त्यात बंदूक धडधाकट असते आणि काडतूसही निर्दोष असते. फक्त १२ बोअरच्या बंदुकीत २० बोअरचे काडतूस गेलेले असते. अनेक वर्षे क्ले टार्गेटचा, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरण्याचा, सराव केलेला माणूस म्हणून याविषयी मला लिहावेसे वाटते.

बोअरचा आकडा नवख्या माणसाला फसवतो. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअर. २० गोळ्या केल्या तर २० बोअर. म्हणजे आकडा वाढतो तशी नळी बारीक होत जाते. १२ बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे १८.५ मिमी, २० बोअरचा १५.६ मिमी.

जाड काडतूस बारीक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, शिरतच नाही, त्यामुळे ती चूक तिथल्या तिथे कळते. घात होतो तो उलट चुकीत. २० बोअरच्या काडतुसाच्या बुडाची कड १२ बोअरच्या चेंबरपेक्षा थोडी लहान, पण पुढच्या नळीपेक्षा मोठी असते. त्यामुळे ते काडतूस चेंबरमधून पुढे घसरते आणि जिथे चेंबर निमुळते होऊन नळी सुरू होते, तिथे अडकून बसते. २० बोअरच्या बंदुकीत २८ बोअरचे काडतूस टाकले तरी हेच होते.

आता चाप ओढला की फक्त 'खट्' असा आवाज येतो, कारण घोड्यासमोर काडतूसच नसते. माणूस बंदूक उघडतो, चेंबर रिकामे दिसते. 'अरे, भरायचे राहिलेच की' असे त्याला वाटते आणि तो १२ बोअरचे काडतूस भरतो. ते व्यवस्थित बसते. पुन्हा चाप ओढला की त्या काडतुसातल्या वायूला आणि छर्‍यांना पुढे जायला वाट नसते. १२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसाचा दाब प्रत्येक चौरस इंचावर ११,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, आणि तोही वाट मोकळी असताना. वाट बंद असली की नळी फाटते, आणि ती जिथे फाटते, त्याच्या आसपासच नेम धरणार्‍याचा पुढचा हात असतो.

हे मी जवळून पाहिले आहे. माझा एक मित्र आदल्या दिवशी २० बोअरने खेळला होता. दुसर्‍या दिवशी १२ बोअर घेऊन आला, पण कमरेची पिशवी तीच होती. 'खट्' झाले, त्याने बंदूक उघडली आणि त्याचा हात पिशवीत गेला. मी ओरडलो, "थांब, भरू नकोस!" नळी सुरक्षित दिशेला ठेवून थोडा वेळ थांबलो आणि मग मागच्या बाजूने आत पाहिले. उजेडाचा गोल दिसायला हवा होता. तिथे अंधार होता.

अमेरिकेत २० बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग राखून ठेवला आहे, तो यासाठीच. पण पहाटेच्या अंधुक प्रकाशात किंवा हातात मोजे असताना रंगाकडे कोण पाहतो? शिवाय जुनी आणि इतर देशांत बनलेली काडतुसे हा नियम पाळतीलच असे नाही. पितळी बुडावर बोअरचा आकडा कोरलेला असतो आणि बंदुकीच्या नळीवरही असतो. ते दोन आकडे जुळवून पाहायला क्षणभर पुरतो.

लांबीचेही तसेच. काडतुसावर छापलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड उघडल्यावरची असते. त्यामुळे ७६ मिमीचे न उडालेले काडतूस ७० मिमीच्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसते. बार उडाला की उघडणार्‍या तोंडाला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. जुन्या बंदुकांचे चेंबर ६५ मिमीचेही असते. त्यांच्या बाबतीत तर बोअर जुळला म्हणून निर्धास्त राहूच नये.

अडकलेले काडतूस जिवंत असते. ते गज घालून ठोकून काढायचा प्रयत्न कोणी करू नये, बंदूक जाणकार कारागिराकडेच न्यावी.

आपल्याला एक विनंती आहे. यापुढे अशी बातमी आली, तर नळीत आधीच दुसरे काडतूस अडकलेले होते का, हे आपल्या वार्ताहरांनी जरूर विचारावे आणि छापावे. माझ्या मित्राने त्याच संध्याकाळी दोन वेगळ्या पिशव्या घेतल्या. अशी एखादी बातमी त्याने आधी वाचली असती, तर त्या त्याच्याकडे आदल्या दिवशीच असत्या.

आपला,
एक नियमित वाचक